रविवारची सुट्टी आणि मुक्कामाची एस.टी.

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा भरवून, सह्या गोळा करून, अर्ज-विनंत्या करून ती मिळवली, हा इतिहास आपल्या सभासदांना नव्याने सांगायला नको. ही सुट्टी कामगाराने घालवायची कुठे, याचा विचार मात्र आपल्या संघटनांनी फारसा केलेला नाही. ज्याचे घर एका खोलीचे आहे, ज्याच्या वस्तीतले मैदान बिल्डरने गिळले आहे आणि मॉलमध्ये शिरायचे तर ज्याला खिसा चाचपावा लागतो, त्याने रविवारी जायचे कुठे? महाराष्ट्रात या प्रश्नाला एक सोपे उत्तर कित्येक दशके उपलब्ध होते. शनिवारची पाळी संपली की पाठीवर पिशवी टाकायची, कल्याणला, कर्जतला किंवा पुण्याच्या स्वारगेटला एस.टी. पकडायची आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव गाठायचे. भाकरी घरची, झोपायला देवळाची ओसरी आणि खर्च एस.टी.च्या तिकिटाचा.

कामगार संघटनेच्या मुखपत्राने डोंगरातल्या भटकंतीवर अग्रलेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत, कामगार संहिता हे विषय सोडून हे काय, असेही कोणी म्हणेल. परंतु पायथ्याच्या गावाला जाणारी गाडी बंद होते तेव्हा कामगाराची सुट्टी, खेड्यातल्या मुलींची शाळा आणि चालक-वाहकांच्या नोकऱ्या या तिन्हींवर एकाच वेळी घाव पडतो. म्हणून हा विषय आम्हाला आपला वाटतो.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्यानंतरच्या काही दशकांत रस्ता जिथे संपतो तिथपर्यंत ती पोहोचली, आणि सह्याद्रीत रस्ता जिथे संपतो तिथेच पायवाट सुरू होते. गडकिल्ल्यांवरची जुनी मराठी पुस्तके उघडून पाहावीत. कोणत्या स्थानकावर कोणती गाडी धरायची आणि कुठल्या फाट्यावर उतरायचे, हे गडाच्या वर्णनाइतक्याच काळजीने सांगितलेले आढळेल. महाडहून पाचाड, म्हणजे रायगडाचा पायथा. पुण्याहून वेल्हे, म्हणजे तोरणा. त्याच वाटेवर मार्गासनीला उतरले की गुंजवण्याकडून राजगड. कसाऱ्याला लोकलमधून उतरून घोटीमार्गे बारी गाव गाठले की समोर कळसूबाई उभी, १,६४६ मीटर उंचीची, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. कल्याणहून माळशेज घाट चढून खुबी फाट्यावर उतरले की धरणाच्या काठाने तासाभरात खिरेश्वर आणि तिथून टोलार खिंडीने हरिश्चंद्रगड. ज्या कामगाराकडे सायकलीपलीकडे स्वतःचे वाहन कधी नव्हते, त्याने हे सगळे डोंगर पालथे घातले आहेत. मुंबई-ठाण्यातले आणि पिंपरी-चिंचवडमधले असे कितीतरी सभासद आजही आपल्या संघटनांत आहेत.

एस.टी.ने जाणाऱ्याला एक गोष्ट मिळते ती मोटारीने जाणाऱ्याला मिळत नाही, आणि आमच्या मते खरी गंमत तिच्यातच आहे. मोटार पायथ्याशी उभी केली की संध्याकाळी तिच्यापाशी परत यावेच लागते. एस.टी.ने गेलेला माणूस डोंगराच्या एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरू शकतो. सह्याद्रीच्या घाटवाटा आहेतच मुळी अशा. कोकणातला माल देशावर नेण्यासाठी आणि देशावरचा कोकणात उतरवण्यासाठी त्या पडल्या. नाणेघाट घ्या. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांचा जुन्नर-पैठणशी व्यापार या वाटेने चाले. वरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आजही आहे. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या गाडीने वैशाखऱ्याच्या पुढे उतरावे, दोन-तीन तासांत घाट चढावा, कातळात खोदलेल्या टाक्यांपाशी भाकरी खावी आणि घाटघरमार्गे जुन्नर गाठून तिथल्या स्थानकावरून परतीची गाडी धरावी. दोन हजार वर्षांपूर्वी ओझी वाहणारे मजूर आणि बैल ज्या दिशेने गेले, त्याच दिशेने हे चालणे होते. कर्जतहून खांडसला जाऊन शिडीच्या किंवा गणेश घाटाने भीमाशंकर चढायचे आणि वरून पुण्याच्या गाडीने उतरायचे, हीदेखील अशीच पिढ्यांच्या पायाखालची वाट. खिरेश्वराकडून हरिश्चंद्रगड चढून पाचनईला उतरावे आणि राजूरकडून घरी यावे. राजगडाहून तोरण्याला डोंगरधारेने गेले तर उतरायचे वेल्ह्यात, आणि चढाईला निघताना आपण जिच्यातून उतरलो तीच गाडी परत नेते.

या चालण्याचे वेळापत्रक सूर्य ठरवत नाही, शेवटची गाडी ठरवते. ती चुकली तर गावात रात्र काढायची आणि सोमवारचा खाडा सोसायचा. म्हणून ती गाडी येणार की नाही हा कामगाराच्या दृष्टीने पगाराचा प्रश्न असतो. आज नेमका तोच भरवसा उरलेला नाही.

मुक्कामी गाडी शहरातल्या नव्या पिढीला माहीत नसेल. संध्याकाळी तालुक्याहून सुटून ती शेवटच्या गावी जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे परत फिरते. पहाटेच्या फेरीत दुधाचे कॅन, सरकारी दवाखान्यात निघालेली बाळंतीण, बाजाराला भाजी नेणाऱ्या बाया आणि तालुक्याच्या शाळेत जाणारी मुले असतात. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना शाळेसाठी एस.टी.चा प्रवास मोफत आहे. पण गाडीच नसेल तर त्या पासचे करायचे काय? शनिवारी संध्याकाळी याच गाडीच्या मागच्या बाकांवर डोंगरात निघालेली पोरे बसलेली असतात. मुक्कामी गाडी आहे म्हणून रविवारी पहाटे चढाई सुरू करता येते. सकाळी शहरातून निघणाऱ्याचा अर्धा दिवस प्रवासातच जातो.

आणि या गाडीचे चालक-वाहक? त्यांची रात्र कशी जाते हे डोंगरात जाणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. अनेक गावांत त्यांना झोपायला खोली नाही, शौचालय नाही. पावसाळ्यात गाडीच्या बाकावर, उन्हाळ्यात टपावर किंवा देवळात अंग टाकायचे. गावातल्या एखाद्या घरातून भाकरी-कालवण आले तर बरे, नाहीतर डब्यातले गार अन्न. पहाटे साडेपाचला गाडी सुरू करायची आणि घाटातली वळणे उतरायची. थकलेल्या चालकाच्या हाती चाळीस-पन्नास माणसांचे प्राण असतात, याचा विचार महामंडळाच्या हिशेबात दिसत नाही. रात्रवस्तीच्या जागी चालक-वाहकांना राहण्याची नीट सोय हवी, ही मागणी एस.टी. कामगारांनी वर्षानुवर्षे केली आहे. आपण प्रवाशांनी तिला कधी साथ दिली?

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस राज्य शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी एस.टी.चा संप सुरू झाला. सुमारे नव्वद हजार कर्मचाऱ्यांचे हे महामंडळ साडेपाच महिने जवळपास ठप्प होते. अनेक कर्मचाऱ्यांनी जीव दिला. विलीनीकरण झाले नाही. उच्च न्यायालयाने कामावर हजर होण्यासाठी २२ एप्रिल २०२२ ची मुदत दिली आणि संप मिटला. त्या संपाच्या नेतृत्वाविषयी आणि मार्गाविषयी चळवळीत मतभेद होते व आहेत, त्यात आज शिरण्याचे कारण नाही. त्यानंतर जे घडले ते सर्वांना दिसते आहे. महामारीपूर्वी अठरा हजारांच्या घरात असलेला गाड्यांचा ताफा पुढच्या काही वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास येऊन ठेपला. जुन्या गाड्या भंगारात गेल्या, त्या प्रमाणात नव्या आल्या नाहीत. गाड्या कमी पडल्या की आगार व्यवस्थापक आधी कुठली फेरी रद्द करतो? लांब पल्ल्याची नाही, कारण तिथे पैसा आहे. शेवटच्या गावाची करतो. संपाच्या काळात पुण्याच्या ग्रामीण भागात पीएमपीने गाड्या सोडल्या होत्या. नोव्हेंबर २०२२ पासून तोट्याचे कारण देऊन त्यांतले मार्ग टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सुरुवात झाली. एकाने सोडायचे आणि दुसऱ्याने उचलायचे नाही, यात गावकरी मधल्या मध्ये लोंबकळत राहिले.

तोटा हा शब्द इथे फार स्वस्तात वापरला जातो. एस.टी.त फेरीचे मोल ठरवायला भारमान आणि प्रति किलोमीटर उत्पन्न ही दोन मापे आहेत. शेवटच्या गावाची फेरी या मापांत कधीच बसणार नाही, कारण जाताना गाडी भरली तर येताना रिकामी आणि मंगळवारी रिकामी तर बाजारच्या दिवशी उभे राहायला जागा नाही. पण ती फेरी बंद झाली की तालुक्याहून पुढे जाणारे प्रवासीही एस.टी.पासून तुटतात. ते वडापच्या जीपने थेट शहराच्या वाटेला लागतात आणि वर्षभरात फायद्यातल्या मुख्य फेरीचेही भारमान घसरते. फांद्या तोडल्यावर खोड वाळले म्हणून ओरड करण्यातला हा प्रकार आहे. रस्त्यावर खर्च होतो त्याला कोणी तोटा म्हणत नाही. त्या रस्त्यावरून गरिबाला नेणाऱ्या गाडीचा खर्च मात्र तोटा ठरतो.

यावर सरकारचे औषध भाड्याच्या गाड्या हे आहे. २०२३ साली ५,१५० विजेच्या गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचे ठरले. त्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत. विजेच्या गाडीला आमचा विरोध नाही, धूर कमी झाला तर चालकाच्याच फुप्फुसांचे भले आहे. आमचा आक्षेप कंत्राटाला आहे. गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा आणि पैसे किलोमीटरमागे, अशा व्यवस्थेत डोंगराच्या टोकाच्या गावात रात्रभर उभी राहणारी गाडी कोणाला परवडेल? तिथे ती चार्ज कुठे करणार, हे तरी कोणी पाहिले आहे काय?

एस.टी.ने रिकामी केलेली जागा बाजाराने भरली आहे. ‘ट्रेक’ विकणाऱ्या कंपन्या शहराच्या नाक्यावरून टेम्पो ट्रॅव्हलर सोडतात, न्याहारी-जेवण-वाटाड्यासह एका दिवसाची रक्कम घेतात आणि शेकडो माणसे एकाच सकाळी एकाच गडावर नेऊन सोडतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोहगडाच्या आणि हरिहरच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरीची वेळ येते, खाली मोटारींच्या रांगा लागतात आणि शेवटी प्रशासन बंदीचा हुकूम काढते. बंदी सगळ्यांना लागू होते, शांतपणे दोघे-चौघे चालणाऱ्यांनाही. गंमत अशी की या कंपन्यांच्या गाड्यांचे चालकही कामगारच आहेत. शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परतणाऱ्या त्या चालकाला साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी मिळते, हे विचारावे. या व्यवसायातल्या तरुणांशी आमचे भांडण नाही, त्यांत गावचे वाटाडेही आहेत. परंतु घरातल्या चौघांनी अशा सहलीला जायचे तर कंत्राटी कामगाराचे कित्येक दिवसांचे वेतन जाते. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास १९८८ पासून मिळतो. सवलती आहेत, फेऱ्या नाहीत, अशी ही तऱ्हा आहे.

मोकळ्या रानात चालण्याचा हक्क जगभर कामगारांनीच भांडून मिळवला आहे. ‘निसर्गमित्र’ या अर्थाच्या नावाची संघटना समाजवादी कामगारांनी १८९५ साली व्हिएन्नात स्थापन केली, तेव्हा डोंगर हे श्रीमंत हौशी मंडळींचे क्रीडांगण होते. इंग्लंडात मँचेस्टर आणि शेफील्ड या कारखानदारी शहरांच्या मधल्या डोंगराळ माळांवर जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी माणसांना बंदी घातली होती. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगार बंदी मोडून किंडर स्काउटच्या माळावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता, बेकार होता आणि सायकलवरून आला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि रानात जाण्याच्या हक्काचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये तोच प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान बनला. पुढची कथा आपल्या अधिक उपयोगाची आहे. थॅचरबाईंच्या सरकारने ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरची बससेवा खाजगी कंपन्यांना मोकळी करून दिली आणि खेड्यांच्या फेऱ्या आटू लागल्या. वाट खुली, पण वाटेपर्यंत नेणारी बस नाही. यॉर्कशरच्या डोंगरात रविवारच्या बस सुरू ठेवण्यासाठी आज स्वयंसेवकांना धडपडावे लागते. लढून मिळवलेला हक्क बसअभावी मोटारवाल्यांपुरता कसा उरतो, ते तिथे पाहावे.

याउलट स्वित्झर्लंड. १९७९ साली तिथल्या जनतेने मतदान करून पायवाटांना राज्यघटनेत स्थान दिले. १९८५ च्या कायद्यात लिहिले आहे की पायवाटांच्या जाळ्याने निसर्गरम्य ठिकाणांबरोबर सार्वजनिक वाहनांचे थांबेही जोडले पाहिजेत. वाटेवरच्या पिवळ्या पाटीवर पुढच्या ठिकाणाला किती वेळ लागेल ते असते आणि डोंगरातून उतरले की टपाल खात्याची पिवळी बस मिळते. तो देश श्रीमंत आहे, हे खरे. पण थांब्यावर एक पत्र्याची पाटी लावायला, तिच्यावर गडाचे नाव, चढाईचे तास आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ रंगवायला श्रीमंती लागत नाही.

आपल्याच देशात दोन्ही प्रकार आहेत. हिमाचलच्या परिवहन महामंडळाची गाडी शिमल्याकडून रेकाँग पिओमार्गे स्पितीतल्या काझापर्यंत जाते. त्या रस्त्यावर नफा शोधायला गेले तर दरीत बर्फच सापडेल, तरी ती जाते, कारण तिच्यावर खोरी जगतात. मध्य प्रदेशाने मात्र २००५ साली आपले महामंडळच गुंडाळण्याचा निर्णय घेतला. पचमढीच्या नागद्वार यात्रेला नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून हजारो कष्टकरी भाविक जातात आणि सातपुड्याच्या दऱ्यांतून पायी चालतात. त्यांना परराज्यातली एस.टी. जवळची, तिथल्या सरकारची गाडी कुठे दिसत नाही. वीस वर्षे खाजगी गाडीवाल्यांच्या भरवशावर काढल्यावर २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला सार्वजनिक बससेवेची नवी योजना मंजूर करावी लागली. महाराष्ट्राने तोच फेरा मारून यायचे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असा खुलासा केला जातो. बारा तास यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस सुट्टीच्या दिवशी डोंगर चढेल की अंथरुणात पडून राहील, हे खुलासा करणाऱ्यांनी सांगावे. कामाचे तास आणि रविवारची गाडी हे दोन प्रश्न म्हणूनच आम्ही एकत्र मांडतो आहोत.

आमच्या मागण्या अवाजवी नाहीत. पायथ्याच्या गावांच्या बंद केलेल्या मुक्कामी फेऱ्या पुन्हा सुरू कराव्यात, निदान शनिवारची रात्रवस्ती आणि रविवारी संध्याकाळची परतीची गाडी ताबडतोब. या फेऱ्यांची तूट राज्य सरकारने सामाजिक सेवा म्हणून वेगळी भरून द्यावी, महामंडळाच्या माथी मारू नये. रात्रवस्तीच्या गावी चालक-वाहकांसाठी खोली, शौचालय आणि पाणी यांची सोय झाल्याशिवाय त्यांना तिथे पाठवू नये, आणि रिकाम्या जागा कायम भरतीने भराव्यात. कामगार कल्याण मंडळ १९५३ च्या कायद्याने चालते, आपल्या वेतनातून त्यात वर्गणी जाते. त्या मंडळाच्या केंद्रांनी वर्षातून काही सहली एस.टी.ने का काढू नयेत?

आपल्यालाही काही करता येईल. संघटनेच्या सहलीसाठी परस्पर खाजगी गाडी ठरवण्याची सवय सोडावी. माणसे चाळीसच्या वर असतील तर आगारात जाऊन प्रासंगिक करारावर गाडी घ्यावी, कमी असतील तर नेहमीच्या फेरीने जावे आणि तिकीट मागून घ्यावे, कारण त्या तिकिटानेच फेरीचे भारमान दिसते. मुक्कामाच्या गावी चालक-वाहकांना आपल्या पंगतीला बसवावे. प्लॅस्टिक परत आणावे, जेवण गावातल्या घरी सांगून त्याचे पैसे द्यावेत. आणि प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातल्या पायथ्याच्या गावांची यादी करावी. २०२० पूर्वी तिथे किती फेऱ्या होत्या, आता किती आहेत, शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे गावकऱ्यांना आणि एस.टी.तल्या सहकाऱ्यांना विचारून लिहून काढावे. पावसाळा संपला की डोंगरात जाणाऱ्यांची गर्दी वाढते, त्याआधी ही यादी ग्रामपंचायतीच्या ठरावासह आगार व्यवस्थापकाला द्यावी, पोच घ्यावी आणि एक प्रत या कार्यालयाकडे पाठवावी.